केनियात सफारी आणि कातळ एकाच सहलीत: आठ दिवसांचं गणित

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आफ्रिकेत जाऊन जीपमधून उतरायचंच नाही, ही गोष्ट पचत नाही. समोर झकास सुळका दिसत असतो, पाय शिवशिवत असतात आणि ड्रायव्हर मान हलवून नाही म्हणतो. त्याचं बरोबरच असतं, कारण गवतात कोण बसलंय ते आपल्याला दिसत नसतं. पण केनियात एक जागा अशी आहे, जिथे झेब्रे आणि जिराफ यांच्यामधून सायकल मारत सुळक्याच्या पायथ्याशी जाता येतं आणि तिथे दोर लावून चढताही येतं. ती जागा म्हणजे हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान. नैरोबीपासून साधारण ९० किलोमीटरवर, नैवाशा तळ्याच्या दक्षिणेला. क्षेत्रफळ जेमतेम ६८ चौरस किलोमीटर, आणि १९८४ पासून राष्ट्रीय उद्यान. सिंह आणि हत्ती यांचा इथे कायमचा वावर नाही, म्हणून चालायला आणि सायकलला परवानगी आहे. गवे, म्हणजे आफ्रिकेतले केप बफेलो, मात्र आहेत, आणि भरपूर आहेत.

मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी सगळं लक्ष कातळावर होतं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी चुकल्या. दुसऱ्या वेळी रानालाही वेळ दिला, आधी कातळ आणि मग रान, तेव्हा सहल जमली. खालचं सगळं त्या दुसऱ्या सहलीच्या क्रमाने लिहिलं आहे.

महिना ठरवा, मग तिकीट

केनियात पाऊस दोनदा येतो. मार्च ते मे मोठा आणि साधारण ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर छोटा. कातळासाठी आणि विशेषतः हेल्स गेटमधल्या अरुंद घळीसाठी कोरडे महिनेच हवेत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते सप्टेंबर. मसाई मारा या सफारीच्या अभयारण्यात लाखो विल्डबीस्ट, म्हणजे रेड्यासारखी दिसणारी हरणं, स्थलांतर करत येतात ते जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान. त्यामुळे दोन्ही साधायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर. पण तेव्हा मारात गर्दी असते आणि दरही चढे असतात. परदेशी प्रौढ पर्यटकाला मारा अभयारण्याचं प्रवेशशुल्क २०२४ च्या जुलैपासून वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत दिवसाला २०० डॉलर आहे, पहिल्या सहामाहीत १००. चौघांच्या कुटुंबाला हा फरक किती पडतो ते कागदावर मांडून बघा. मला स्वतःला फेब्रुवारी आवडतो. स्थलांतर नसलं तरी मारात सिंह, चित्ते आणि हत्ती बारा महिने असतात आणि हेल्स गेटचा कातळ खडखडीत कोरडा असतो.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान सुमारे सहा तासांत पोचतं. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं.

कागदपत्रं आणि एक इंजेक्शन

२०२४ च्या जानेवारीपासून केनियाचा व्हिसा नाही, त्याऐवजी ईटीए नावाची ऑनलाइन पूर्वपरवानगी आहे. शुल्क सुमारे ३० डॉलर. सरकारी संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या आणि दुप्पट पैसे घेणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत, तेव्हा पत्ता नीट वाचा आणि अर्ज किमान आठवडाभर आधी करा.

खरी फसगत होते ती पिवळ्या तापाच्या लशीत. लोकांना वाटतं, जाताना कोणी विचारलं नाही म्हणजे सुटलो. ही लस परतताना लागते. केनियाहून भारतात उतरताना पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झाले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथे ठरावीक वार असतात आणि आधी नंबर लावावा लागतो. म्हणून तिकीट काढलं की त्याच आठवड्यात हे काम उरका. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, तेव्हा ते प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच जपून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी बोला. नैरोबी आणि नैवाशा उंचावर असल्याने धोका कमी आहे, मारात तो आहे.

प्रवासविमा घेताना अपवादांची बारीक अक्षरं वाचा. दोर लावून केलेली चढाई बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, साहसी खेळांचा वेगळा भाग घ्यावा लागतो. शिवाय नैरोबीची अ‍ॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था रुग्णाला विमानाने हलवण्याची सोय करते आणि पर्यटकांना अल्प मुदतीचं सदस्यत्व देते. मारात पाय मोडला तर नैरोबी खडबडीत रस्त्याने पाच-सहा तास दूर आहे, एवढं लक्षात घेतलं की ती रक्कम जड वाटत नाही.

वाटाड्या निवडताना

केनियात सफारी गाइडची परीक्षा घेणारी संघटना आहे, केपीएसजीए. तिच्या तीन पायऱ्या आहेत: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. कंपनीला सरळ विचारा की आमच्यासोबत येणाऱ्या माणसाकडे कोणता बिल्ला आहे. उत्तर गोलमोल आलं तर पुढची कंपनी बघा. कंपनी केनियाच्या टूर ऑपरेटर संघटनेची, म्हणजे केएटीओची सभासद आहे का, हेही तपासा.

कातळासाठी वेगळा माणूस लागतो. सफारी गाइड उत्तम असेल, पण त्याला दोराचं कळतंच असं नाही. हेल्स गेटच्या पहिल्या सुळक्यापाशी स्थानिक मुलं दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि हेल्मेट घेऊन बसलेली असतात. त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. पण साहित्य तुम्ही तपासायचं. पहिल्या खेपेला मला दिलेल्या हार्नेसची कमरेची पट्टी शिवणीपाशी इतकी विरली होती की आतला पांढरा धागा दिसत होता. मी दुसरा मागितला, त्याने हसत हसत दिला. न मागता मिळाला नसता. तेव्हापासून हार्नेस, हेल्मेट आणि दोन लॉकवाले कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, मी घरून नेतो, वजन दीड किलोच्या आत बसतं.

पहिले दोन दिवस: काहीच करू नका

नैरोबी सुमारे १,८०० मीटरवर आहे, नैवाशा त्याहून थोडं वर. म्हणजे तुम्ही विमानातून उतरता तेव्हाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच असता. डोकं गरगरणार नाही, पण पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागेल. पहिला दिवस नैरोबीत झोपा, दुसऱ्या दिवशी दरीच्या कडेने नैवाशाला जा. रस्ता ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरून खाली उतरतो. आपल्या घाटमाथ्यावरून कोकण दिसतं तशी इथे दरी दिसते, फक्त समुद्राच्या जागी ज्वालामुखी.

संध्याकाळी तळ्याकाठी मुक्काम. पाणघोडे रात्री चरायला हिरवळीवर येतात. अंधारात खोलीबाहेर पडायचं असेल तर पहारेकऱ्याला हाक मारा, आणि पाणघोडा व पाणी यांच्या मधे कधीही उभं राहू नका.

तिसरा दिवस: हेल्स गेट

फाटक सकाळी सहाला उघडतं. त्या वेळी तिथे असा. विषुववृत्त जवळ असल्याने बारा महिने साडेसहाच्या आसपास उजाडतं, आणि दहानंतर ऊन असं चढतं की कातळाला हात लावावासा वाटत नाही. प्रवेशशुल्क ऑनलाइन किंवा मोबाइलवरून भरावं लागतं, रोख घेत नाहीत. म्हणून आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवरच ते काम करून टाका.

सायकली फाटकाबाहेर भाड्याने मिळतात. ब्रेक दोन्ही चाकांचे बघा, सीट आपल्या उंचीला लावून घ्या आणि रस्त्यावर पन्नास मीटर चालवून मगच पैसे द्या. एल्सा फाटकापासून घळीजवळच्या रेंजर चौकीपर्यंत सात-आठ किलोमीटरचा धुळीचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना तांबूस कडे. झेब्रा, रानडुक्कर, थॉमसनची गॅझेल, कोंगोनी हरण, इलंड, जिराफ. इथे काही पाळायचे नियम, मी शिकलो त्या क्रमाने:

गवा दिसला की थांबा. शंभर मीटरच्या आत जायचं नाही. कळपापेक्षा एकटा म्हातारा नर वाईट. मी एकदा वळणावर अशा एकाच्या साठेक मीटरवर पोचलो. तो डोकं वर करून बघत राहिला, नाक उंचावलेलं, जबडा चावायचा थांबलेला. मी सायकलवरून उतरलो आणि सायकल त्याच्या-माझ्यामधे धरून पावलापावलाने मागे सरकलो. तेवढ्यात त्याचा जबडा पुन्हा हलायला लागला, आणि मला कळलं की आता श्वास घ्यायला हरकत नाही. जनावर खायचं थांबलं की तुम्ही फार जवळ आहात. ते पुन्हा खायला लागलं तर अंतर ठीक आहे. ही एक खूण लक्षात ठेवलीत तर बाकीचे नियम अर्धे विसरलात तरी चालेल.

जिराफ रस्ता ओलांडत असेल तर त्याला आधी जाऊ द्या. घंटी वाजवू नका, ओरडू नका. आणि बबून. त्यांना डबा कळतो. पिशवीची चेन उघडता येते त्यांना. माझ्या मित्राच्या दशम्या एका नर बबूनने सुळक्याखाली बसून, एकेक उलगडून, आमच्याकडे बघत खाल्ल्या. खाणं गाडीत किंवा पाठीवर, जमिनीवर कधीच नाही.

सुळका

फाटकातून आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर डावीउजवीकडे नजर टाकावी लागत नाही, रस्त्यालगतच उभा असतो: फिशर्स टॉवर. सुमारे २५ मीटर उंच. ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा, भोवतालचं मऊ झिजून गेलं आणि हा राहिला. १८८३ मध्ये इथून गेलेल्या गुस्ताव फिशर या जर्मन प्रवाशाचं नाव त्याला आहे. मसाई लोक मात्र वेगळी गोष्ट सांगतात. लग्न होऊन निघालेल्या मुलीने, बजावून सांगितलेलं असतानाही, मागे वळून माहेराकडे पाहिलं आणि ती दगड झाली. माझ्या आजीला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, “बघणारच की गं बाई ती.”

आता कामाचं. हा आपल्या बसाल्टसारखा कातळ नाही. आपल्याकडे सुळक्यावर घट्ट खोबणी मिळते, धार मिळते. इथला लाव्हा खालच्या भागात घट्ट, पण वर फुटलेला आहे आणि तडे बरेच. त्यामुळे:

१. प्रत्येक पकडीवर वजन टाकण्याआधी बोटांच्या सांध्यांनी टकटक करा. भरीव आवाज आला तर घ्या, मडक्यासारखा पोकळ आला तर सोडा.

२. पायथ्याची राख बुटाच्या तळव्याला चिकटते आणि चांगला रबरही साबणासारखा होतो. कातळाला पाय लावण्याआधी तळवा दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासून पुसा. पँट खराब होईल, होऊ द्या.

३. पांढरट ओघळ दिसले तर हात लावू नका. ती हायरॅक्सची मुतारी असते. हा सशाएवढा गुबगुबीत प्राणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मुततो आणि ती जागा काचेसारखी गुळगुळीत होते. उंच कड्यावरचे पांढरे डाग गिधाडांचे किंवा गरुडांचे. तिकडे घरटी असतात, रेंजरला विचारल्याशिवाय त्या बाजूला जायचं नाही.

४. तड्यात हात घालण्याआधी बघा आणि ऐका. गुणगुण ऐकू आली तर मुकाट्याने उतरा. आग्या मोहोळाचा अनुभव असलेल्याला अधिक सांगायला नको. अत्तर, सुगंधी डिओ त्या दिवशी नको. सकाळी उन्हाला बसलेला पफ अ‍ॅडर हा जाडा, आळशी, विषारी साप दगडाच्या रंगाचाच असतो आणि पाय पडेपर्यंत हलत नाही.

५. दोर वरून लावलेला असेल तरच चढा. वर अँकर, म्हणजे दोर बांधलेले पक्के आधार, किती, दोन की एक, हे विचारा. एकच असेल तर फोटो काढून पुढे चला.

दोर नको असेल तर नुसतं हाताने चढायचे मोठे खडक आणि कड्याखालचे उतार आहेतच. तिथे साधा नियम: जिथून उतरता येणार नाही तिथे चढायचं नाही. काळ्या काचेसारखे तुकडे दिसतील, तो ऑब्सिडियन. सुंदर दिसतो, पण त्याची कड ब्लेडसारखी असते. हाताला पातळ हातमोजे घाला आणि खिशात टाकून आणू नका, उद्यानातून दगड नेणं गुन्हा आहे.

घळ

ओल न्जोरोवा घळ म्हणजे खरी मजा, आणि खरा धोकाही. पाण्याने कापलेल्या मऊ राखेच्या दगडाच्या भिंती काही ठिकाणी इतक्या जवळ येतात की दोन्ही तळहात दोन भिंतींना टेकतात. मधेमधे पाच-सात फुटांचे कातळटप्पे, पाय रोवायला खोदलेल्या खोबण्या, आणि भिंतीतून झिरपणारं गरम पाणी. त्या पाण्यात बोट घालून बघायचा मोह टाळा, काही झरे भाजतील इतके कढत आहेत. याच उष्णतेवर शेजारी ओल्कारियाची वीजकेंद्रं चालतात.

इथला दगड भिजला की ओल्या खडूसारखा होतो. नखाने ओरखडला तर भुकटी हातात येते. कोरड्या दिवशी मस्त, ओल्या दिवशी त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

पण घसरण्यापेक्षा मोठी भीती लोंढ्याची. पाऊस वरच्या डोंगरात पडतो, घळीत ऊन असतं, आणि पाणी भिंतीसारखं येतं. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये अशा लोंढ्यांत इथे माणसं गेली. आपल्याकडे धबधब्याच्या नाळेत जे होतं तेच. त्यामुळे घळीचे भाग वेळोवेळी बंद ठेवतात. चौकीवर आधी विचारा, स्थानिक मसाई वाटाड्या घेतल्याशिवाय उतरू नका, आणि उतरल्यावर त्याला पहिला प्रश्न हा विचारा: इथून वर निघायच्या वाटा कुठे कुठे आहेत? प्रत्येक वाट ओलांडली की मनात नोंद ठेवा. क्षितिजावर कुठेही काळं दिसलं, किंवा स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, की मागे. पहिल्या खेपेला घळ बंद होती आणि मी चौकीवर अर्धा तास हुज्जत घातली. तो रेंजर शांतपणे ऐकत राहिला, शेवटी फक्त वरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. तिकडे पाऊस पडत होता. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते.

चौथा दिवस: लोंगोनोट

पायात जीव असेल तर. २,७७६ मीटरचा निद्रिस्त ज्वालामुखी, हाही राष्ट्रीय उद्यान. फाटकापासून विवराच्या काठापर्यंत तीनेक किलोमीटर, आणि काठावरून पूर्ण गोल फेरी सात किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा. वाटेत पाण्याचा थेंब नाही, माणशी तीन लिटर न्या. वाट राखेच्या घसाऱ्याची. शिखराजवळ हाताचा आधार घेत चढावं लागतं, कठीण असं काही नाही, पण दोन्हीकडे उतार आहे. खाली विवरात घनदाट झाडी, अधूनमधून वाफ. दुपारी वारा सुटला की डोळ्यांत राख जाते, चष्मा हवाच.

पाचवा ते सातवा: मारा (आठवा परतीचा)

इथे पायांना सुट्टी. नैवाशाहून नारोकमार्गे चार-पाच तास. नारोक हे शेवटचं मोठं गाव, औषधं आणि पैसे तिथेच बघून घ्या. जेवायला चपाती आणि न्देंगू मागा. न्देंगू म्हणजे आपले मूग, रश्शातले, आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका. शाकाहाऱ्याने केनियात उपाशी राहण्याचं कारण नाही.

वर उघडणारं छत असलेली लँड क्रूझर घ्या, व्हॅन स्वस्त पण चिखलात अडकते. गाडीत सहाऐवजी चार माणसं असतील तर प्रत्येकाला खिडकी मिळते. कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड निरुपयोगी. एक कापडी पिशवी घेऊन जा, तिथे किलोभर तांदूळ भरा, छताच्या कडेवर ठेवून लेन्स टेका. निघताना तांदूळ मुक्कामाच्या स्वयंपाकघरात द्या.

ड्रायव्हरला “सिंह दाखव” म्हणत पिच्छा पुरवू नका. त्याला सांगा, घाई नाही. मग तो रेडिओवरच्या गर्दीमागे धावत नाही आणि खरं काम करतो. हरणं सगळी एकाच दिशेला टक लावून उभी असतील तर तिकडे बघा. गिधाडं झाडावर बसून खाली न उतरत असतील, तर शिकारीवर अजून कोणी तरी बसलंय. रस्ता सोडून गाडी घालायला सांगू नका, आणि नेमून दिलेल्या जागेशिवाय पाय खाली टाकू नका. छोटे कातळ-उंचवटे मारातही दिसतील, त्यांवर बिबट्या किंवा सिंहीण ऊन खात असते. ते तिचे आहेत.

सामान

लष्करी छापाचे कपडे घरी ठेवा. आपल्याकडे ट्रेकला सर्रास घालतात, केनियात ते सैन्याशिवाय कोणी घालत नाही आणि विमानतळावरच त्रास होतो. गडद निळा आणि काळाही नको, काही भागांतल्या त्सेत्से माशा त्या रंगांवर येतात. खाकी, राखाडी, मळखाऊ हिरवा बरा.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत चालत नाहीत. चिवडा, चकल्या, लाडू डब्यांत किंवा कापडी पिशवीत भरा, पाण्याला स्टीलची बाटली. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका. माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेसह १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. अशा वेळी बूट पायात घाला, हार्नेस गाइडच्या गाडीने परत नैरोबीला पाठवा.

बाकी टोपी, रुमाल, सनस्क्रीन, हेडलॅम्प, आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण, ओआरएस, क्रेप बँडेज. आणि दशम्या जास्तीच्या. एक बबूनसाठी धरून चाला.